बारा फोटो आणि कार्ल्याचा अंधार

आमच्या घरात वडिलांचा एकही फोटो नाही. त्या काळी पोटाला आधी, फोटोला मागून. म्हणून भाच्याने 'होल्गा' नावाचा प्लॅस्टिकचा कॅमेरा हाती दिला, तेव्हा ठरवले, आईचा फोटो काढायचा, आणि तोही कार्ल्याच्या लेण्यात.

हा कॅमेरा दिसायला अगदी खेळणे. भिंगसुद्धा प्लॅस्टिकचे. १९८२ साली हाँगकाँगमध्ये तो निघाला, तो चीनमधल्या कामगार कुटुंबांना घरच्या माणसांचे फोटो स्वस्तात काढता यावेत म्हणून. एका रोलवर फोटो बाराच.

रविवारी पुण्याहून लोणावळा लोकल धरली. आधी देहूरोडला उतरलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्ती बसवली, ते हे विहार. वंदना झाली. बाहेर उन्हात आईला उभे करून दोन फोटो काढले. पुन्हा लोकलने मळवली, तिथून रिक्षाने पायथा आणि मग पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात. ती थांबत, बसत वर आली. एकवीरेच्या भक्तांची गर्दी होती, कारण देवीचे देऊळ चैत्यगृहाच्या दाराशीच आहे.

कोरीव चैत्यगृहांत हे भारतातले सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४५ फूट. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या. आई स्तूपापुढे हात जोडून बसली आणि मी भराभर उरलेला रोल संपवला.

रोल धुऊन आला. देहूरोडचा पहिला फोटो छान. दुसऱ्यानंतर रोल पुढे फिरवायला विसरले होते, त्यामुळे आईच्या अंगावरूनच कार्ल्याच्या पायऱ्या गेलेल्या! सिंहस्तंभाच्या वेळी भिंगाचे झाकण तसेच राहिले होते. यात बघायची काच वेगळी असते, झाकण असले तरी समोरचे सगळे दिसते. आणि आतले सगळे फोटो काळेकुट्ट.

"एवढं चढून गेले, आन् मी कुठंय गं यात?" आईने विचारले. मला उत्तर देता येईना.

चूक भाच्याने समजावली. "मावशी, याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढीच उघडते. तेवढ्यात उन्हातला फोटो येतो, लेण्यातला नाही." खटका 'बी'वर सरकवला तर बटण दाबून धरू तितका वेळ झडप उघडी राहते. मात्र कॅमेरा जराही हलता कामा नये. तिपाई न्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

महिन्याने पुन्हा गेलो. आई आपणहून म्हणाली, "चल, अजून एकदा चढते." लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून या वेळी दुपार कलल्यावर पोचलो. दारावरच्या मोठ्या गवाक्षातून ऊन आत येत होते. दाराजवळच्या एका लेखात ते दार करणाऱ्याचे नाव आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. आईला सांगितले. "सुताराचं नाव? बापाच्या नावासकट?" ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली.

कॅमेरा घडी केलेल्या चादरीवर जमिनीलगत ठेवला. आई खांबापाशी मांडी घालून बसली. "हलू नकोस हं." "मी कशाला हलते? त्रिशरण म्हणते मनात." बटण दाबून दहा आकडे मोजले.

तो फोटो आला. कडा काळ्या, चेहरा किंचित पुसट, पण आई आहे आणि मागे स्तूप आहे. फोटोच्या पाठीवर आईचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. बंधूभगिनींनो, आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढा. कॅमेरा कोणताही चालेल. मागे नाव लिहायला मात्र विसरू नका. जयभीम!