काळा बर्फ आणि गुलाबी थंडी

परीक्षा पुढे ढकलली जाणं ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. कधी पेपर फुटतो, कधी निवडणूक लागते, कधी पूर येतो. मग रात्री जागून केलेला अभ्यास पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावा लागतो. पण थंडी पडली म्हणून परीक्षा रद्द झाली, असं काही मी चाळिशी ओलांडली तरी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे थंडीला फार चांगलं नाव आहे. आपण तिला गुलाबी म्हणतो. ती आली की डिंकाचे लाडू होतात, हुरड्याची आमंत्रणं येतात आणि ट्रंकेतला स्वेटर डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन बाहेर पडतो. पुण्यात पारा १० अंशांवर उतरला की माणसं माकडटोपी घालून मुद्दाम फिरायला निघतात. थंडी किती आहे हे कोणाला तरी सांगायला हवं ना! थंडीमुळे आपल्याकडे एकच गोष्ट रद्द होते, ती म्हणजे सकाळची अंघोळ. आणि तीसुद्धा जाहीरपणे नव्हे.

हीच थंडी परदेशी गेली की गुलाबीची काळी होते, हे ज्ञान मला माझ्या भाचीमुळे झालं. ही भाची म्हणजे साताऱ्याच्या ताईची मुलगी. नर्स आहे. २०२१ च्या शरदात ती इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या एका लहान गावी नोकरीला गेली. तिथल्या डोंगराळ भागात घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांची मलमपट्टी करणं, इन्शुलिन टोचणं, अशा कामाची एक जागा रिकामी होणार होती. रुग्णालयातल्या रात्रपाळ्यांपेक्षा तिला ते काम आवडायचं. पगारही बरा होता. अट एकच. स्वतः गाडी चालवता आली पाहिजे आणि तिकडचा पक्का परवाना ३१ मार्च २०२३ पूर्वी हातात पाहिजे.

"३१ मार्च" हे शब्द ऐकले की बँकेतल्या माणसाच्या पोटात आपोआप गोळा येतो. तिकडच्या सरकारी खात्यांचं वर्षही त्याच दिवशी संपतं, हे ऐकून मला इंग्रज माणूस प्रथमच आपला वाटला.

आता तुम्ही म्हणाल, मुलीकडे इथला परवाना होता की! होता. मीच तिला साताऱ्याच्या मैदानावर जुन्या मारुतीत गाडी शिकवली होती. पण इथल्या परवान्यावर तिकडे राहायला गेल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते. तेराव्या महिन्यात माणूस पुन्हा शिकाऊ. गाडीला पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावायचा आणि शेजारी अनुभवी माणूस बसवायचा. पहिलं वर्ष भाचीने बसने काढलं आणि बारा महिने संपले.

तिकडची परीक्षा हे एक प्रकरणच आहे. एकेकाळी ते नव्हतं. १९०३ च्या कायद्याप्रमाणे पाच शिलिंग भरले की परवाना मिळे. चालवता येतं का, हे कोणी विचारत नसे. १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची झाली आणि तेव्हापासून ते सगळं व्याज लावून वसूल करताहेत. आधी लेखी. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यायला हवेत. मग पडद्यावर रस्त्याची चित्रफीत दाखवतात आणि संकट दिसलं रे दिसलं की बटण दाबायचं. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर चाळीस मिनिटं. सुरुवातीला २० मीटरांवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवायची. (ही अट आमच्या शाखेत लागू केली तर सोमवारी काउंटरवर मी आणि शिपाई दोघंच उरू.) बारीक चुका पंधरापर्यंत माफ, पण गंभीर चूक एक झाली तरी नापास. म्हणजे सुट्टे पैसे चुकले तर चालतील, गड्डी चुकता कामा नये. हे तत्त्व वाणिज्य शाखेच्या पदवीधराला लगेच पटतं.

माझी स्वतःची परीक्षा मला आठवते. जुलै महिना, धो धो पाऊस. मी स्कूटरवर आठचा आकडा काढत होतो आणि परीक्षा घेणारे साहेब पत्र्याच्या शेडमध्ये चहा घेत होते. आठ पुरा झाला की नाही हे मलाच माहीत नाही, पावसात त्यांना काय दिसणार? तरी पास झालो.

तर भाचीची पहिली तारीख आली डिसेंबर २०२२ मध्ये. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. तिकडचे आठ-दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे दुपारचे एक-चाळीस. ताईने साताऱ्यात गणपतीपुढे नारळ ठेवला होता. मी शाखेत फोन समोर ठेवून बसलो होतो. एकच्या सुमारास फोन वाजला.

"मामा, रद्द."

"काय रद्द?"

"परीक्षा. रस्त्यावर काळा बर्फ आहे."

मला वाटलं, कोळसा सांडला असेल. पण तसं नव्हतं. बर्फाचा अगदी पातळ, काचेसारखा थर रस्त्यावर धरतो. त्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून तो काळा. दिसत नाही, म्हणूनच तो वाईट. तिकडचा नियम असा, की रस्त्यावर बर्फ, पाणी, दाट धुकं किंवा फार वारा असेल तर परीक्षा घ्यायची नाही. त्या दिवशी सकाळी केंद्रावर फोन करून विचारायचं. परीक्षा रद्द झाली तर फी बुडत नाही, ६२ पौंड तसेच जमा राहतात आणि पुढची तारीख ते आपणहून कळवतात. मात्र बाकीचा खर्च, म्हणजे बुडलेली रजा, शिक्षकाच्या गाडीचे पैसे, यातलं काही मागायचं नाही. बर्फावर दावा लावता येत नाही.

ताईला हे पटेना. "अरे, महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ नुसते दवाचे थेंब गोठले तरी लोक पुण्या-मुंबईहून गाड्या काढून बघायला येतात. आणि हे लोक गोठलं की गाडीच काढत नाहीत?"

मी तिला समजावलं. "ताई, हे काहीच नाही. १९३९ मध्ये महायुद्ध लागलं तेव्हा तिकडच्या परीक्षा बंद झाल्या, त्या थेट १९४६ मध्ये सुरू झाल्या."

"तोवर मी जगायला हवी," ताई म्हणाली आणि नारळ पुढच्या तारखेसाठी उचलून ठेवला.

पुढची तारीख जानेवारीची. एव्हाना आमच्या शाखेत बातमी फुटली होती. दुपारी एकपासून सगळ्यांच्या माना माझ्या फोनकडे वळलेल्या. पेन्शन घ्यायला येणारे एक आजोबा तर रोज मोबाइलवर यॉर्कशायरचं तापमान बघून येत आणि पासबुक आत सरकवता सरकवता म्हणत, "उणे तीन आहे हो. कठीण आहे." त्या दिवशी बर्फ नव्हता, पण धुकं पडलं. भाची म्हणाली, "मामा, नंबरप्लेट राहू दे, मला गाडीच दिसत नाहीये." परीक्षा रद्द. पेन्शनवाले आजोबा हळहळले. त्यांनी फक्त बर्फावर लक्ष ठेवलं होतं.

तिसरी तारीख १० मार्चची. मार्च म्हणजे आपल्याकडे कैऱ्या. मी निर्धास्त होतो. पण त्याच सुमारास उत्तर इंग्लंडात तुफान हिमवृष्टी झाली. यॉर्कशायर आणि लँकेशायरला जोडणारा एम ६२ नावाचा महामार्ग आहे. त्याच्यावर माणसं आपापल्या गाड्यांत तासन् तास अडकून पडली. जिथे परवानेवाल्यांची ही गत, तिथे शिकाऊंना कोण विचारतो? परीक्षा रद्द. चौथी तारीख मिळाली मे महिन्याची.

आणि ३१ मार्च आला. आमच्या शाखेत रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवणं चाललं होतं. तेव्हा तिचा संदेश आला. ती जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. जिने जागा द्यायची, त्या बाई तिला स्वतः भेटून म्हणाल्या, की यात तुझी काही चूक नाही. ते खरंच होतं, म्हणून तर जास्त लागलं. चूक असती तर माणूस स्वतःला बोल लावून मोकळा होतो. इथे नावे कोणाच्या टाकायचं? मी बावीस वर्षं बँकेत आहे. माझ्याकडे अशा रकमेसाठी एक खातं असतं, त्याला आम्ही सस्पेन्स म्हणतो. भाचीचं ते दुःख मी त्यात टाकलं, पण वर्षअखेर ते काही जुळेना.

त्या रात्री मी तावातावाने तिला विचारलं, "ज्या देशात चार महिने बर्फ असतो, तिथे बर्फावर परीक्षा घ्यायला काय झालं? ऊन पडल्यावर कोणीही चालवेल!"

"मामा, तू हिशेबाचा माणूस ना? मग हिशेब कर," ती म्हणाली. ताशी ३० मैलांच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे २३ मीटर लागतात. बर्फावर हे अंतर दहापटसुद्धा होऊ शकतं, असं त्यांच्या वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकातच छापलेलं आहे. मी कागदावर मांडलं. २३० मीटर. म्हणजे ब्रेक आमच्या शाखेच्या दारात दाबायचा आणि गाडी अमृततुल्य, झेरॉक्सवाला आणि शाळा ओलांडून कोपऱ्यावरच्या मारुतीसमोर थांबणार. मध्ये शाळा सुटलेली असली तर? आणि शेजारी तो परीक्षक. त्याला रोज अशा अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं असतं. त्यालाही बायकापोरं असतील. मी कागद खिशात ठेवला.

स्वीडनमध्ये मात्र यावर तोड काढली आहे. परवान्याआधी उमेदवाराला मुद्दाम निसरडा केलेल्या मैदानावर नेऊन गाडी घसरवायला लावतात. रस्त्यावर नव्हे, राखीव मैदानात. घसरणं म्हणजे काय हे अंगाला कळावं, एवढाच हेतू. आपल्याकडे ही सोय पहिल्या पावसात प्रत्येक चौकात फुकट होते, पण तिची नोंद परवान्यावर होत नाही.

मे महिन्यात स्वच्छ उन्हात भाची पास झाली. बारीक चुका चार. आमच्या शाखेत पेढे वाटले गेले आणि पेन्शनवाल्या आजोबांनी दोन घेतले, एक तापमानाचा. शरदात तशीच दुसरी जागा निघाली आणि या वेळी ती तिलाच मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती. परवाना मिळाला म्हणजे परीक्षा संपली, असं आपण धरून चालतो. पण २०२४ च्या जानेवारीत पुन्हा कडाक्याची थंडी पडली. सकाळी सातला तिला डोंगरावरच्या एका घरी जायचं होतं. तिथे ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई एकट्या राहतात. न्याहारीआधी त्यांना इन्शुलिन टोचावं लागतं. आता केंद्रावर फोन करून विचारायची सोय नव्हती. पुढची तारीख देणारंही कोणी नव्हतं. मधुमेह काही हवामान बघून रजा देत नाही.

मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं. तिकडे बर्फ धरू नये म्हणून रात्री गाड्या फिरवून रस्त्यांवर खडेमीठ पसरतात. या गाड्यांना लोक लाडाने नावंही ठेवतात. यॉर्कशायरमधल्याच डॉनकास्टर गावाने २०१७ मध्ये एका गाडीचं नाव डेव्हिड बोवी या गायकावरून 'डेव्हिड प्लाउई' असं ठेवलं, कारण 'प्लाउ' म्हणजे बर्फ बाजूला सारणारा नांगर. इंग्रजांचे विनोद समजावून सांगावे लागतात, तेवढी एक अडचण आहे. पण आजीबाईंच्या घराकडे चढणाऱ्या गल्लीत ना मीठ पडलं होतं, ना प्लाउई पोचला होता.

भाचीने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. दिव्याच्या उजेडात रस्ता नुसता ओला दिसत होता. ओला आणि निवांत. तीन वेळा परीक्षा रद्द झालेल्या मुलीला तो निवांतपणा ओळखीचा होता. तिने गाडी मोठ्या रस्त्याला लावली, पिशवी खांद्याला अडकवली आणि कडेच्या गवतावरून, कुंपणाला धरत धरत ती अर्धा मैल चढून गेली.

त्या सकाळी त्याच गल्लीत दूधवाल्याची गाडी आडवी झाली. त्याच्याकडे तीस वर्षांचा परवाना होता. त्याला काही झालं नाही, दूध मात्र गेलं.

मला हे कळलं तेव्हा वाटलं, की परीक्षेत गाडी चालवता येते का एवढंच बघतात. ती कधी चालवायची नाही, हे बघण्याची सोय कुठल्याच परीक्षेत नाही. ते शिकायला बर्फ लागतो, धुकं लागतं आणि हातातोंडाशी आलेली एखादी नोकरी जावी लागते. त्याची फी ६२ पौंडांत बसत नाही.

ताईला मी हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाई काय म्हणाल्या?"

मी भाचीला विचारून कळवलं. आजीबाईंनी दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं उशीर झाला." मग तिचे ओले बूट बघून त्यांनी तिला शेगडीजवळ बसवलं आणि इन्शुलिन होईपर्यंत थांबायला लावून चहा केला.

"मग चांगल्या आहेत," ताई म्हणाली. "तिला म्हणावं, पुढच्या वेळी त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन जा."

"ताई, त्यांना मधुमेह आहे!"

"मग बिनसाखरेचे पाठवते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.