पडद्यावरची दोन घड्याळे

२०१० साली दिब्रुगड येथे नियुक्तीवर असताना माझ्या कार्यालयीन संगणकावर विंडोज ७ होते. त्यात पडद्यावर ठेवता येईल असे घड्याळ मिळे. आठ तबकड्यांपैकी हवी ती निवडावी, सेकंदकाटा दाखवावा वा लपवावा, घड्याळास नावही द्यावे. कामाच्या वेळी असले चाळे करणाऱ्यांचा मला राग येई.

पुढे तोच चाळा मी केला. चहामळ्यातील मजुरांना सुनावणीसाठी दहा वाजता बोलावणारी सूचना माझ्या सहीने निघाली होती. आसामच्या अनेक मळ्यांत इंग्रजी अमदानीपासून ‘बागान टाइम’ चालते. ते भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि दिब्रुगड ९५ अंशांजवळ, म्हणजे सूर्य तेथे सुमारे ५० मिनिटे आधीच येतो. डिसेंबरात साडेचारच्या आत मावळतोही. मजूर त्यांच्या दहाला आले आणि बंद दारापुढे तासभर उभे राहिले. चूक कोणाची, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर बरे वाटले असते.

त्याच संध्याकाळी मी दुसरे घड्याळ लावले. यादीत चहामळे कोठून असणार? पण म्यानमारमधील यांगूनची वेळ आपल्याहून नेमकी एक तास पुढे. ती निवडली, साधी ठळक तबकडी घेतली, सेकंदकाटा काढला, नाव दिले ‘बागान’. मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ साली ही सोय गुंडाळली; माझी बदली त्याआधीच झाली होती. तोवर प्रत्येक सूचनेवर मी दोन्ही वेळा लिहवून घेत असे.