दिवसांचा हिशेब

पेणच्या कुंभार आळीच्या आसपास ज्याचे बालपण गेले, त्याला मुदत या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. रंग वाळला नाही, डोळ्यांची आखणी राहिली, पावसाने घात केला, अशी शंभर कारणे असली तरी चतुर्थीनंतर तयार झालेला गणपती कारखान्यातच राहतो. मामांच्या ओटीवर बसून ती शेवटच्या आठवड्याची धांदल मी अनेकदा पाहिली आहे. त्याच घरासाठी पुढे मला न्यायालयातील दिवस मोजावे लागतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

मामा अविवाहित होते. आईवडील व भावंडे त्यांच्या आधीच गेलेली. वारस म्हणावे असे आम्ही दोघेच, मी आणि माझी धाकटी बहीण. शेवटची सहा वर्षे ते तिच्या घरी रोह्याला होते. त्यांच्या मृत्यूनंतर तिने एक मृत्युपत्र पुढे केले. पेणचे घर तिच्या नावे होते. माझा त्यात उल्लेखही नव्हता. सही थरथरती, कागद अखेरच्या वर्षातला. मला संशय आला आणि घराच्या नोंदीवर मी हरकत घेतली. भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेटची सक्ती २००२ सालच्या दुरुस्तीने गेली होती. तरीही माझ्या हरकतीमुळे बहिणीला प्रोबेटसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागले.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक वारला होता, दुसरा साक्षीत गोंधळला. अर्ज नामंजूर झाला. त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली, हे कबूल केले पाहिजे.

यानंतरचा सारा भाग दिवसांचा आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो की, दिवाणी अपील उच्च न्यायालयात करायचे तर नव्वद दिवस आणि अन्य न्यायालयात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, करायचे तर तीस दिवस. दिवाणी न्यायाधीशाने दिलेल्या प्रोबेटच्या आदेशावरचे अपील कोठे जाईल, हे मालमत्तेच्या किमतीवर ठरते. आमच्या घराची किंमत मर्यादेच्या आतली. म्हणून अपील अलिबागला, तीस दिवसांत. निकालाचा दिवस मोजायचा नाही. नक्कल मिळण्यास लागणारा काळही वजा होतो. मात्र नकलेचा अर्ज करण्यापूर्वी दवडलेले दिवस परत मिळत नाहीत. बहिणीने अर्ज एकोणिसाव्या दिवशी केला, नकलेला अकरा दिवस लागले. म्हणजे मुदत एक्केचाळिसाव्या दिवशी संपली. तिचे अपील दाखल झाले अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी. सदतीस दिवसांचा उशीर.

माझ्या वकिलांनी आनंदाने फोन केला. "आता मूळ वादात शिरायलाच नको. विलंबमाफीला विरोध करणारे म्हणणे देऊ, विषय संपला." त्यांनी मसुदा पाठवला. त्यात एक वाक्य होते: अर्जदार बाई पहिल्यापासून बेफिकीर व निष्काळजी आहेत. खाली माझी सही, शपथेवर.

तारखेच्या दिवशी मी पेणहून वडखळ, पोयनाड करीत एस.टी.ने अलिबागला गेलो. बहीण रोह्याहून आधीच आली होती, व्हरांड्यातल्या बाकावर कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"दादा, उशीर झाला म्हणतात," ती म्हणाली. "मी तर रोज मोजत होते."

तिने पिशवीतून घडीचे कॅलेंडर काढले. निकालापासून प्रत्येक तारखेवर तिने बारीक आकडा घातला होता आणि नव्वदाव्या दिवसाभोवती तांबडे वर्तुळ. नव्वद दिवस तिला कुणी तरी सांगितले होते. तिचा हिशेब बिनचूक होता. फक्त तो दुसऱ्या न्यायालयाचा होता. ते बारीक आकडे माझ्या ओळखीचे होते. मामांच्या औषधांच्या वहीतही ती असेच लिहीत असे, गोळी कोणती, वेळ कोणती, घेतली की नाही. सहा वर्षांत एक वेळ चुकली नव्हती. तिला शपथेवर निष्काळजी म्हणायचे होते, आणि ते म्हणणारा मी त्या सहा वर्षांत रोह्याला किती वेळा गेलो, हे बोटांवर मोजता आले असते.

वकिलांना मी सांगितले, त्या मसुद्यावर सही होणार नाही. ते समजावू लागले आणि त्यांचे चूक नव्हते. मुदतीलाही अर्थ आहे. वादाला कुठे तरी शेवट हवा, नाहीतर जिंकलेल्या माणसाला घराची कौलेसुद्धा निर्धास्तपणे शाकारता येणार नाहीत. शिवाय प्रतिपक्ष गप्प राहिला तरी न्यायालयाला मुदत स्वतः पाहावीच लागते. परंतु त्याच कायद्याचे पाचवे कलम पुरेसे कारण असेल तर विलंब माफ करू देते. अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुद्दाम उशीर करून पक्षकाराला सहसा काही लाभत नाही. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८३ दिवसांचा विलंबही माफ केला. दिवस किती यापेक्षा कारण खरे आहे का, हे महत्त्वाचे मानले. पुढे करोनाच्या काळात तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे सारे दिवसच मुदतीतून वगळले गेले.

मी एवढेच लिहून दिले: विलंबाचे कारण मला खरे वाटते, माफीस माझी हरकत नाही, मृत्युपत्राबाबतचा माझा आक्षेप कायम आहे. विलंब माफ झाला. अपील चालले, साक्षीपुरावा नव्याने तपासला गेला आणि निकाल बहिणीच्या बाजूने लागला. घर तिचे झाले. मला वाईट वाटले नाही असे म्हटले, तर ते खोटे होईल. पण माझा आक्षेप ऐकून घेतला गेला होता, तसाच तिचाही शब्द. यापेक्षा जास्त मागण्याचा हक्क मला नव्हता.

ज्यांच्या घरी असा वाद असेल त्यांना माझे सांगणे इतकेच: निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या आणि अपील कोणत्या न्यायालयात जाते हे आधी विचारा. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. तरी तिथवर थांबू नका.

त्या नाताळात बहिणीने पेणच्या घरी बोलावले. माजघरात मामांच्या फोटोशेजारी खिळ्याला ती औषधांची वही टांगलेली होती. मी ती उघडून पाहिली नाही. जेवायला बसताना तिने माझे ताट, लहानपणी असे तसे, ओटीच्या बाजूला मांडले.