पिवळे विमान, करडे विमान

सोमवार, 8 सप्टेंबर 2025, ओक्लाहोमा सिटी

दुपारी मागच्या अंगणात बसलो होतो, तेवढ्यात टर्बोप्रॉपची घरघर आली. हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेमचे काम केले, त्यामुळे आवाज आला की मान आपोआप वर जाते. पाहिले आणि खुर्चीतून उठलोच. लांब नाक, त्याच्या बरेच मागे उंचावर बसवलेले कॉकपिट, जाड सरळ पंख, पोटात न मिटणारी चाके आणि शेपटीखाली तिसरे छोटे चाक. हे तर पिकावर औषध फवारायचे विमान! रंग मात्र पिवळ्याऐवजी करडा.

संध्याकाळी जावयांनी माहिती काढली. शहराच्या नैर्ऋत्येला विल रॉजर्स विमानतळ आहे. तिथल्या एअर नॅशनल गार्डच्या तळावर या विमानाचे प्रशिक्षण चालते. नाव ओए-1के, स्कायरेडर 2. मूळ सांगाडा एअर ट्रॅक्टर कंपनीच्या एटी-802चा, म्हणजे शेतीच्या विमानाचा. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने 1 ऑगस्ट 2022 रोजी त्याची निवड केली. 75 विमानांपर्यंत, 3 अब्ज डॉलरपर्यंतचा करार. टल्साला एल3हॅरिस कंपनी त्यावर कॅमेरे, रेडिओ आणि शस्त्रांची जोडणी करते. असे सज्ज झालेले पहिले विमान यंदा एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या हर्लबर्ट फील्डला पोचले.

लेकीला विचारले, "ऑल्नी इथून किती लांब?" ती म्हणाली, "बाबा, ते टेक्सासात. तीन-साडेतीन तास तरी लागतील." शनिवारी जायचे ठरले.

शनिवार, 13 सप्टेंबर

ऑल्नी म्हणजे तीनेक हजार वस्तीचे गाव. सपाट रान, वारा, आणि विमानतळाला लागून एअर ट्रॅक्टरचा कारखाना. आत जायचा प्रश्नच नव्हता, पण रस्त्यावरून धावपट्टीकडची पिवळी विमाने दिसली. मी कुंपणापाशी अर्धा तास उभा होतो. लेक गाडीत बसून राहिली, काही बोलली नाही.

कारखाना उभा केला लेलँड स्नो यांनी. टेक्सास ए अँड एममधून विमानविद्या शिकलेला हा माणूस; त्यांचे पहिले फवारणीचे विमान 1953 साली उडाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पुढे एस-2 आले. 1965 मध्ये त्यांची कंपनी रॉकवेलकडे गेली, त्यातून 'थ्रश' नावाची विमाने पुढे आली. स्नो यांनी 1970च्या दशकात पुन्हा शून्यापासून एअर ट्रॅक्टर काढली. एटी-802 उडाले 1990 साली.

कुंपणापाशी एक गोष्ट लक्षात आली. आज लष्करी रूपात जगात प्रामुख्याने दोन शेतीविमाने फिरतात: एअर ट्रॅक्टरवरून केलेले एटी-802यू आणि थ्रशवरून केलेले 'आर्केंजल'. बाजारात ती एकमेकांची प्रतिस्पर्धी. पण दोन्हींचे मूळ शोधत गेलो की एकाच माणसाच्या ड्रॉइंग बोर्डाशी पोचतो. स्नो 2011 मध्ये वारले.

आता माझ्या कामाची बाजू. एटी-802च्या टाकीत 800 गॅलन, म्हणजे सुमारे 3,000 लिटर द्रव मावते. भरलेल्या विमानाचे वजन 7,200 किलोच्या वर जाते. एवढा भार घेऊन ते मातीच्या पट्टीवरून उठते, पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जाते, बांधाशी नाक उचलते, वळते, पुन्हा खाली येते. दिवसभर हेच. उतरले की टाकी भरून परत वर. असा मार सोसायला सांगाडा दणकटच लागतो. त्यातले तीन टन पाणी काढले की तेवढ्याच वजनाचे इंधन, चिलखत, कॅमेरे आणि बॉम्ब उचलता येतात. ओए-1के 6,000 पौंड भार नेते म्हणतात. आकडा टाकीच्या वजनाशी जवळजवळ जुळतो. इंजिन पीटी6. जगभर ते वापरात आहे, आणि ते खोलून पुन्हा बसवणारे हात कुठेही मिळतात. पायदळाला जवळून मदत करायची तर विमान त्याच्या डोक्यावर तासन् तास राहिले पाहिजे, आणि मागच्या एखाद्या कच्च्या पट्टीवरून पुन्हा उठले पाहिजे. जेटला ते परवडत नाही.

पण मला सगळ्यांत भिडली ती वैमानिकाची जागा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली स्टिअरमन विमाने फवारणीला लागली आणि वैमानिक फार मरू लागले. तेव्हा टेक्सास ए अँड एममध्ये फ्रेड वाइक यांनी एजी-1 हे नमुना विमान बनवले; 1950च्या डिसेंबरात ते उडाले. इंजिन पुढे, मग टाकी, सगळ्यांच्या मागे आणि उंचावर वैमानिक. विमान आपटलेच तर पुढचा भाग क्रमाने चुरगळत जावा, धक्का त्यातच विरावा, सीट आणि पट्टे मात्र तुटू नयेत. आज दिसलेल्या पिवळ्या विमानांच्या काचेवर धारदार पाते होते आणि कॉकपिटच्या टपापासून शेपटीपर्यंत ताणलेली तार होती, विजेच्या तारांत घुसले तर वाचण्यासाठी. या विमानाचा सगळा आकारच मुळी माणूस घरी परत यावा म्हणून ठरलेला आहे. चिलखत नंतर चढले.

सोमवार, 15 सप्टेंबर

उलट दिशेची, म्हणजे लष्कराकडून शेताकडे येणारी वाट त्याहून जुनी आहे. 3 ऑगस्ट 1921 रोजी ओहायोत लष्कराच्या लेफ्टनंट जॉन मॅक्रेडींनी कर्टिस जेनी या लष्करी विमानातून कटाल्पाच्या झाडांवर अळीनाशक भुकटी सोडली. विमानातून फवारणीची सुरुवात तिथली. आपल्याकडे 2020 मध्ये टोळधाड आली, अमरावती-नागपूरपर्यंत पोचली, संत्र्याच्या बागांवर बसली. तेव्हा हवाई दलाच्या चंदीगडच्या दुरुस्ती डेपोने एमआय-17 हेलिकॉप्टरला फवारणीची यंत्रणा बसवली. 800 लिटर औषध, एका उड्डाणात साधारण 750 हेक्टर. ही बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त होतो, आणि त्या डेपोतल्या पोरांचा मला फार अभिमान वाटला होता. आजही वाटतो.

शुक्रवार, 19 सप्टेंबर

रात्री झोप आली नाही. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचे वाचत बसलो.

1991 मध्ये ओसियेकजवळच्या चेपिनच्या छोट्या विमानतळावर शेतीची एएन-2 विमाने होती. दुपंखी, संथ, 1947 साली पहिल्यांदा उडालेल्या जातीची. क्रोएशियाकडे लढाऊ विमाने नव्हती आणि वुकोवार शहराला वेढा पडला होता. फवारणीचे वैमानिक त्या विमानांत बसले. पाणी तापवायच्या बॉयलरमध्ये स्फोटके आणि लोखंडाचे तुकडे भरून बॉम्ब केले आणि ते दारातून हातांनी ढकलले. रात्री उडायचे. वेढ्यातल्या लोकांसाठी औषधे, दारूगोळा, अन्न याच विमानांतून खाली टाकले. 18 नोव्हेंबरला वुकोवार पडले. 2 डिसेंबरला एक एएन-2 रडारने नेम धरणाऱ्या क्षेपणास्त्राने पाडले. चौघेही गेले.

रशियातही हेच घडले होते. पोलिकार्पोव्हचे लाकूड-कापडाचे यू-2 प्रशिक्षणाला वापरत, आणि त्याचा एक प्रकार शेतावर भुकटी टाकायचा. तेच विमान 1942 पासून 588व्या रात्रीच्या बॉम्बफेकी रेजिमेंटच्या मुलींनी चालवले, आणि युद्ध संपेपर्यंत तेवीस हजारांच्या आसपास उड्डाणे केली. त्या मुली अंधाराच्या आधाराने जगल्या. चेपिनच्या लोकांनीही अंधारच निवडला होता, पण 1991 चे रडार अंधारात बघत होते.

दोन्हीकडचे धाडस मी कपाळाला लावतो. पण एका गोष्टीवर पांघरूण घालता येत नाही: त्या चौघांच्या विमानाला क्षेपणास्त्र चुकवण्याजोगी काही साधने नव्हती, वेग नव्हता. शिल्लक होते ते फक्त धैर्य.

मंगळवार, 23 सप्टेंबर

यवतमाळला भावाचा फोन. कपाशीवर यंदाही फवारणी चालू आहे. मी त्याला कोलंबियाचे सांगितले.

कोकेन ज्यापासून करतात त्या कोकाची शेती नष्ट करण्यासाठी तिथे अमेरिकी मदतीने ग्लायफोसेट हे तणनाशक फवारत. खालून गोळ्या यायच्या, म्हणून एटी-802च्या कॉकपिटला चिलखत बसवले. शेतीचे विमान लढाईच्या सामानाला सरावले ते बरेचसे तिथे. पण औषध वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून इक्वेडोरच्या शेतकऱ्यांच्या पिकांवर गेल्याची तक्रार झाली. इक्वेडोर 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 2013 च्या समझोत्यात कोलंबियाने दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. 2015 मध्ये कोलंबियाने ती हवाई फवारणीच थांबवली.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तिकडं वैमानिकाच्या जिवाचा एवढा विचार केला. आपल्या माणसाच्या पाठीवर पंप अन् तोंडाला फडकं." 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यातले दोघे त्याच्या ओळखीचे होते. मला उत्तर सुचले नाही.

रविवार, 28 सप्टेंबर

परवा घरी परतायचे. निघण्यापूर्वी माझे मत लिहून ठेवतो.

संयुक्त अरब अमिरातीने एटी-802ची लष्करी विमाने घेतली. 2013 मध्ये त्यांतली सहा जॉर्डनला दिली. 2016 मध्ये पूर्व लिबियातल्या अल-खादिम तळावर अमिरातीची अशी विमाने उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली. केनियाला बारा विकण्याचा प्रस्ताव 2017 मध्ये आला, 41 कोटी 80 लाख डॉलरचा. अशा देशांना आणि अशा लढायांना हे विमान परवडते, त्याचे कारण स्वच्छ आहे: समोरच्याकडे रडार आणि मोठी क्षेपणास्त्रे नसतात.

अमेरिकेच्या सरकारी लेखा कार्यालयाने 2023 च्या डिसेंबरात हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला: 75 विमाने कशासाठी, याचा हिशेब नीट झालेला नाही, तोवर खरेदीचा वेग कमी करा. नंतर आकडा 62 वर आला. मला हा प्रश्न योग्य वाटतो. यंत्राबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते प्रामाणिक यंत्र आहे; त्याची देखभाल कोणत्याही सार्जंटला झोपेतही करता येईल. शंका आहे ती त्याला कुठे पाठवणार याबद्दल. आभाळ आपल्या ताब्यात असेल तिथे जवानाच्या डोक्यावर पाच-सहा तास राहणारे, मातीवर उतरणारे हे विमान जेटपेक्षा उपयोगाचे आहे. खांद्यावरच्या क्षेपणास्त्राशी झुंजायला थोडीफार साधने त्यावर बसवता येतात. पण जिथे शत्रूचे रडार जागे आहे, तिथे त्याला धाडू नये. धाडणाऱ्याने आधी 2 डिसेंबर 1991 ची चेपिनची नोंद वाचावी.