रेड अप

पिट्सबर्गला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. साल २००७. वरच्या मजल्यावर मी, खाली सत्तरीच्या घरमालकीणबाई. एका शनिवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. "आज बेसमेंट रेड अप करायचंय, येतोस का मदतीला?" मला वाटलं, लाल रंग द्यायचाय. मळकी जीन्स चढवून खाली गेलो तर ना रंग, ना ब्रश. नुसती खोकी!

तर रेड अप म्हणजे आवरणे. स्पेलिंगमध्ये डी दोन. अठराव्या शतकात अल्स्टरहून जे स्कॉटिश वंशाचे लोक पेनसिल्व्हेनियात आले, त्यांच्याबरोबर हा शब्द आला आणि इथेच मुरला. आमच्या कॅलिफोर्नियाच्या टीम लीडला विचारलं, तर त्यानेही तो कधी ऐकलेला नव्हता. इकडे मात्र २००६ साली महापौर बॉब ओ'कॉनर यांनी शहर साफ करायची मोहीम काढली, तिचं नावच 'रेड अप'. (बिचारे त्याच वर्षी गेले.) स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबरला घर रेड करतात, अगदी चुलीतली राखसुद्धा बाहेर काढून. आपली दिवाळीची झाडझूडच म्हणा ना.

पण मला खरी गंमत वाटली ती डिक्शनरी उघडल्यावर. जुन्या इंग्लिशमधल्या 'सोडवणे, वाचवणे' या अर्थाच्या क्रियापदाशी याचं नातं सांगतात. डच 'रेडन', जर्मन 'रेटन' आजही वाचवणेच.

असो. बेसमेंटमध्ये बाईंच्या नवऱ्याचं सामान होतं. आयुष्यभर स्टील मिलमध्ये काम केलेला माणूस, आदल्या हिवाळ्यात गेला. कॉफीच्या डब्यांत स्क्रू, खिळे, वॉशर, सगळं साइझप्रमाणे लावलेलं. मी आपला उत्साहाने 'हे टाकायचं?' विचारत होतो. बाई एकेक डबा हातात घेऊन हलवून बघायच्या आणि परत ठेवायच्या. दुपारपर्यंत फेकायच्या ढिगात फक्त जुने पेपर आणि एक मोडका पंखा. मला आधी वैताग आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांना एक जेवणाचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्या पायरीवर बसल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने वर सटकलो.

मराठीत घर आवरतात, रडूही आवरतात. शब्द तोच.

माझे बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई दर रविवारी फोनवर म्हणायची, "सुट्टी काढून ये रे, बाबांचं कपाट आवरायचंय." मी दर रविवारी रिलीज डेट सांगायचो.

त्या रात्री फोन लावला. म्हटलं, "डिसेंबरचं तिकीट काढतोय. तोवर कपाटाला हात लावू नकोस."

"मी कशी लावणार?" आई म्हणाली. "किल्ली तूच घेऊन गेलायस."