प्रश्नाने उघडणारा इतिहास

श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मधले प्रसंग विसरलेल्यांनाही तिचं शीर्षकगीत आठवतं. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या या त्रेपन्न भागांच्या मालिकेने पाच हजार वर्षांच्या इतिहासाचं दार ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताने उघडलं. मला ही निवड अचूक वाटते, कारण हे सूक्त स्तुती करत नाही, विचारतं. सत् नव्हतं, असत्‌ही नव्हतं. मग झाकलं होतं काय, आणि कोणाच्या आश्रयाने? सातव्या ऋचेत तर परम व्योमातल्या अध्यक्षालाही हे ठाऊक असेल किंवा नसेल, असं म्हणून सूक्त थांबतं. संगीतकार वनराज भाटियांनी हा संशयच स्वरांत धरला. संस्कृतातला गंभीर समूहस्वर, मग वसंत देवांचा हिंदी अनुवाद, आणि शेवटी कोणालाच ठाऊक नसल्याचं पुन्हापुन्हा घोळवणं. गाणं समेवर येतं, प्रश्न मात्र येत नाही.

वेदमंत्रांना उदात्त, अनुदात्त, स्वरित या स्वरांची बांधणी असते. लंडन-पॅरिसमध्ये शिकलेल्या संगीतकाराने तिला हात का लावावा, असा आक्षेप घेता येईल. पण पाठशाळेतलं पठण अक्षर न् अक्षर राखण्यासाठी आहे आणि ते काम त्याने शतकानुशतकं चोख केलं आहे. संस्कृत न येणाऱ्या घरांपर्यंत अर्थ पोचवणं हे वेगळं काम. त्याने पठणाचं काही बिघडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक धर्मांच्या देशाची कहाणी वेदाने का सुरू व्हावी? सूक्तातच याचं उत्तर आहे. देव सृष्टीनंतरचे, असं ते स्वच्छ सांगतं. कोणापुढे हात जोडायला लावत नाही. प्रत्येक भागाच्या अखेरीस येणारं हिरण्यगर्भ सूक्तही कोणत्या देवाला आहुती द्यावी, हेच ऋचेमागून ऋचेत विचारत राहतं. संस्कृत कानी पडताच पूजाघर आठवणारे श्रोते असणारच. त्यांनी शब्दांकडे लक्ष द्यावं.

ज्या पुस्तकावर ही मालिका बेतली, ते नेहरूंनी १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. भविष्य अनिश्चित असताना भूतकाळाला प्रश्न विचारणाऱ्या त्या पुस्तकाला याहून योग्य नांदी मिळाली नसती. आता शीर्षकगीत ओलांडायचं बटण हाताशी असतं. ही मालिका पाहताना ते दाबू नका.