140 च्या लयीतला षड्ज

ट्रान्स या नृत्यसंगीताची वंशावळ सांगताना बहुतेक जण युरोपपासून सुरुवात करतात. मानुएल ग्योट्शिंगची 1984 ला निघालेली 'ई2-ई4', केएलएफचं 1988 चं 'व्हॉट टाइम इज लव्ह?', 1990 चं 'द एज ऑफ लव्ह' आणि दोन वर्षांनी जॅम अँड स्पूननी त्याला दिलेलं नवं रूप. ही नावं मोठीच आहेत. पण माझं शिक्षण ज्या रेकॉर्डवर झालं, ती मुंबईची आहे.

1982 साली चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' केली. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि बास वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. इथे साथीला रोलँडची तीन यंत्रं: ठेक्याला टीआर-808, बासला टीबी-303 आणि राग वाजवायला ज्युपिटर-8. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती असे दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. रेकॉर्ड फारशी कुणी उचलली नाही. वीस वर्षांनी एडो बाउमन या डच संग्राहकाच्या ती दिल्लीत हाती लागली, 2010 मध्ये त्याने पुन्हा काढली, आणि मग बोलबाला झाला: शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' यायच्या पाच वर्षं आधी तोच आवाज मुंबईत घुमून गेला होता!

पहिलं कोण, या वादात मी पडत नाही. मला त्या रेकॉर्डमध्ये ट्रान्स ऐकू येतो, तो वेगळ्या कारणाने. भैरव लावून बघा. कॉर्ड बदलत राहायचा सोस नाही. बास षड्जाला धरून एकच आकृती फिरवत राहतो, आणि वर राग सावकाश उलगडतो. ऐकणारा कुठे जात नाही, तरी पाच मिनिटांनी तो वेगळ्या ठिकाणी असतो. हे ज्याला साधलं त्याला ट्रान्स साधला, असं मला ठामपणे वाटतं.

303 हे यंत्र हाताळल्याशिवाय यातली करामत कळत नाही. रोलँडने ते 1981 मध्ये काढलं, एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. 1984 मध्ये बंदही करून टाकलं. त्याच्या पॅटर्नला सोळा घरं. प्रत्येक घरात एक स्वर ठेवायचा, हवा तर त्याला अ‍ॅक्सेंट द्यायचा, हवी तर स्लाइड. स्लाइड दिली की यंत्र पुढच्या स्वरावर उडी न मारता त्याच्याकडे ओढलं जातं. पेटीवर मींड निघत नाही, ही खंत माझ्यासारख्या पेटीवरून कीबोर्डवर आलेल्या प्रत्येकाला असते. त्याला या एका बटणाचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही. भैरवाचा आंदोलित कोमल रिषभ कुठल्याच एका पट्टीत बसत नाही. स्लाइडने तो पूर्ण मिळतो असंही नाही, पण त्याच्या दाराशी जाता येतं.

मग गोवा. हणजुण्याच्या किनाऱ्यावर फ्रेड डिस्को, लॉरांसारखे डीजे गाण्यातले शब्द कापून नुसत्या वाद्यांचे तुकडे कॅसेटवर लांबवत. विनाइल त्या उन्हात वाकायची, म्हणून आधी कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप. गोवा गिल शेवटपर्यंत डॅटवरच वाजवत राहिले. डॅटवर लय मागेपुढे करून दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणं अवघड, म्हणून एकेक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरा ऐकवावा लागे. लांबलचक, स्वतःची चढण स्वतः चढणारे ट्रॅक या सवयीला शोभतात. 1994 च्या डिसेंबरमध्ये पॉल ओकनफोल्डचा 'गोवा मिक्स' बीबीसी रेडिओ 1 वर गेला, 1995 ला हॅल्युसिनोजेनचा 'ट्विस्टेड' आला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

गोव्याच्या या ट्रॅकमध्ये एक स्वरावली फार भेटते: रिषभ, धैवत, निषाद कोमल, गंधार मात्र शुद्ध. आपल्याकडे ही बसंत मुखारी, खाली भैरव आणि वर भैरवी. ती त्यांनी आपल्याकडून उचलली असं मी म्हणणार नाही, मध्यपूर्वेच्या संगीतातही ती भरपूर आहे. पण कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यातल्या त्या रुंद अंतरातच सगळी ओढ साठलेली असते, हे कानाला लगेच कळतं.

आमच्या भिलाईत विसर्जनाला धुमाल, म्हणजे मिरवणुकीची वाद्यपार्टी, निघते. मी तिच्यात कीबोर्ड वाजवतो आणि घरी ट्रान्स बनवतो. धुमालमध्ये दर आठ बारला नवं काही दिलं नाही तर पोरं थंडावतात, असं आम्ही सगळेच मानतो. पण भिलाईतल्याच सुपेल्याच्या गर्दीत कधी कीबोर्ड थांबतो, ऑक्टापॅडही थांबतो, नुसता ढोल-ताशा उरतो, तेव्हा लोक जास्त नाचतात. गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली महाभारताची कथा, ज्यांनी समोर बसून ऐकली, त्यांनाही हे माहीत आहे: हातातला तंबुरा तोच, साथीदार रागीची हुंकारी तीच, आणि त्या न बदलणाऱ्या जमिनीवर भीम उभा राहतो. त्या भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला होत्या, म्हणून आम्हाला त्या घरच्याच वाटतात.

सध्या एक ट्रॅक हातात आहे. बसंत मुखारी, मिनिटाला 140 ठोक्यांची लय. पहिल्या 64 बारमध्ये षड्ज आणि पंचमाशिवाय काहीच नाही, फक्त फिल्टरचा कटऑफ थोडा थोडा उघडत जातो. हे जवळजवळ एक मिनिट पन्नास सेकंद चालतं. पुतण्याने ऐकलं आणि म्हणाला, "काका, ड्रॉप कधी येणार?" त्याला म्हटलं, ऐकत राहा. 65 व्या बारला कोमल रिषभ येतो, एकदाच, स्लाइड घेऊन, आणि लगेच षड्जात मिटतो. गंधार अजून 32 बार लांब आहे. पुतण्याने मोबाइल खाली ठेवला होता, तरी तो गंधार आणखी आठ बार मागे ढकलता येईल का, हे मी आज रात्री तपासणार आहे.